सनस्क्रीन, काजळ आणि पावडर : उघडलेल्या प्रसाधनांतील जंतुसंसर्ग

आपल्या घरातील आरशासमोरच्या फळीवर जे काही मांडलेले असते, त्यांपैकी जवळजवळ एकही वस्तू निर्जंतुक नसते. सनस्क्रीन, चेहऱ्याचे क्रीम, पावडर, काजळ, लिपस्टिक, शाम्पू यांनी इंजेक्शनच्या औषधासारखे निर्जंतुक असावे, अशी अपेक्षा कायदाही करीत नाही आणि त्याची गरजही नाही. निरोगी त्वचा ही स्वतःच असंख्य जिवाणूंची वसाहत आहे. म्हणून प्रसाधनात जंतू आहेत की नाहीत, एवढ्या प्रश्नाने आपले काम भागत नाही. किती आहेत, कोणते आहेत आणि ते कोणाच्या अंगाला लागणार आहेत, हे विचारावे लागते.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७५१६ या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देते. सामान्य प्रसाधनाच्या एका ग्रॅममध्ये वाढू शकणाऱ्या जंतूंची संख्या १,००० पेक्षा अधिक नसावी. तीन वर्षांखालील मुलांसाठी, डोळ्यांभोवती किंवा ओठांवर वापरायच्या वस्तूंत ही मर्यादा १०० वर येते. शिवाय चार जंतू एका ग्रॅमच्या नमुन्यात मुळीच आढळता कामा नयेत : एश्चेरिचिया कोलाय, स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि कँडिडा अल्बिकन्स ही यीस्ट. आपल्याकडे ही तपासणी कशी करावी, हे भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १४६४८ या मानकात सांगितलेले आहे. मात्र हे सारे आकडे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बंद डबीचे आहेत. ती डबी आपण उघडली की तिचा पुढचा इतिहास आपल्या बोटांवर अवलंबून असतो.

पावडरीचा डबा आणि मुलुंडचा कारखाना

कारखान्यातच गडबड होते, अशी उदाहरणे कमी असली तरी आहेत. आणि त्यांतले एक आपल्या फार जवळचे आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये मुंबईतील मुलुंड येथील जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या कारखान्याचा प्रसाधने तयार करण्याचा परवाना रद्द केला. कारण होते २००७ सालचे. त्या वर्षी बाळाच्या पावडरीच्या १५ बॅचेसमधील जंतूंची संख्या कमी करण्यासाठी त्यांवर एथिलीन ऑक्साइड या वायूची प्रक्रिया करण्यात आली होती. ही प्रक्रिया प्रशासनाने मंजूर केलेल्या पद्धतीत नव्हती, आणि वायूचा अंश पावडरीत उरला आहे का, याची तपासणी झाली नाही, असा प्रशासनाचा आक्षेप होता. आपले उत्पादन सुरक्षित असल्याचे कंपनीचे म्हणणे होते.

एथिलीन ऑक्साइड हा वायू रुग्णालयांना परका नाही. उष्णता सोसत नाहीत अशी अनेक वैद्यकीय उपकरणे त्यानेच निर्जंतुक केली जातात. पण तो कर्करोगकारक आहे. म्हणून उपकरणातून तो पूर्णपणे निघून जाईपर्यंत थांबावे लागते आणि तो निघून गेल्याची खात्री करून घ्यावी लागते. या प्रकरणातून कंपनीविषयी कोणते मत बनवावे, ते ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पावडर ही तर कोरडी वस्तू. तिच्यात जंतू येतात कोठून?

त्याचे उत्तर तिच्या मुळाशी आहे. टाल्क हे खनिज आहे, ते जमिनीतून काढतात, आणि मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात. हे बीजाणू कोरडेपणात मरत नाहीत. वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. न्यूझीलंडमध्ये दूषित टाल्क पावडरीमुळे नवजात बालकांना धनुर्वात झाल्याचे व काही बालके दगावल्याचे १९४६ मध्ये तेथील वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. त्यानंतर पावडरीसाठीचे टाल्क शुद्ध करण्याच्या पद्धती सुधारल्या. तरीही नाळ पडून बेंबी पूर्ण कोरडी होईपर्यंत तिच्यावर पावडर, तेल, हळद, राख, काहीही लावू नये, हा प्रसूतिगृहातील नियम आजही तसाच आहे. आजीने प्रेमाने पुढे केलेला डबा परत करणे अवघड जाते, हे मान्य. तेव्हा डॉक्टरांचे नाव पुढे करावे.

पाणी, तेल आणि परिरक्षक

जंतूंना वाढण्यासाठी पाणी लागते. ज्या वस्तूत मोकळे पाणी नाही, तीत जंतू टिकू शकतात, पण वाढत नाहीत. म्हणूनच शुद्ध खोबरेल तेल महिनोन्महिने चांगले राहते आणि तेच तेल ओल्या हाताने बाटलीत बोट घालून वापरले की कुबट होऊ लागते. सनस्क्रीन, लोशन, फाउंडेशन आणि चेहऱ्याची बहुतेक क्रीमे मात्र पाणी आणि तेल घुसळून केलेली असतात. त्यांत ओलावा असतो, मेद असतो, कधी कोरफड वा वनस्पतींचे अर्कही असतात. जंतूंच्या दृष्टीने ही वाढलेली पंगतच.

या पंगतीवर पहारा ठेवतात ती परिरक्षके. फिनॉक्सीइथेनॉल, पॅराबेन वर्गातील द्रव्ये, बेंझोइक व सॉर्बिक आम्लाचे क्षार ही नावे आपल्याला घटकांच्या यादीत दिसतील. त्यांचे प्रमाण फार थोडे असते; फिनॉक्सीइथेनॉल तर बहुधा शंभरात एका भागाहून अधिक नसते. एवढ्या थोड्या द्रव्यावर सगळी भिस्त असल्यामुळे आपण त्यात ढवळाढवळ केली की पहारा ढिला पडतो. शाम्पू संपत आला की बाटलीत पाणी घालून ती हलवायची आणि आणखी आठवडाभर चालवायची, ही आपल्या घराघरांतील काटकसर. ते पाणी त्याच दिवशी वापरून संपवले तर काही बिघडत नाही. आठ दिवस ठेवले, तर परिरक्षक पातळ झालेले असते आणि न्हाणीघरातील ऊब व दमटपणा जंतूंच्या पथ्यावर पडतो. घट्ट झालेल्या मस्कऱ्यात किंवा आयलायनरमध्ये पाण्याचा, गुलाबपाण्याचा थेंब टाकणे हा त्यातलाच प्रकार. आणि तो अधिक वाईट, कारण ती वस्तू डोळ्याला लागते.

सनस्क्रीनमध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. त्यातील ऊन अडवणारी अनेक द्रव्ये तेलकट असतात. परिरक्षकाचा काही भाग त्या तेलात विरघळून बसतो. जंतू मात्र वाढतात ते पाण्याच्या भागात. म्हणून सनस्क्रीनचे परिरक्षण साध्या लोशनपेक्षा कठीण असते. ते साधले नाही तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत २०१३ मध्ये घडले. डब्ल्यू. एस. बॅजर या कंपनीने लहान मुलांसाठीची आपली सनस्क्रीन लोशने बाजारातून परत मागवली, कारण तपासणीत त्यांत स्यूडोमोनास एरुजिनोसा, कँडिडाच्या कुळातील एक यीस्ट आणि एक बुरशी आढळली होती. बाटलीवर ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले वाचून आपण निर्धास्त होतो. जंतूंनाही नैसर्गिक पदार्थ आवडतात, हे विसरतो. ‘परिरक्षकविरहित’ असे अभिमानाने छापलेले पाणीयुक्त क्रीम मी तरी घरात आणणार नाही, जोवर त्याला हवा आत न घेणारा पंप नसेल आणि त्यावर अगदी थोडी वापरमुदत दिलेली नसेल.

ट्यूब किती दिवसांत संपली पाहिजे?

बेंगळुरूची हवा आल्हाददायक, म्हणून येथे ऊन लागत नाही, असा समज महाराष्ट्रातून येथे आलेल्या कुटुंबांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात, आणि गारव्याचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. तेव्हा उन्हात फिरण्याचे काम असलेल्यांनी, अंगावर काळे डाग उमटणाऱ्यांनी, त्वचारोगतज्ज्ञांनी सुचवलेल्यांनी सनस्क्रीन लावणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो हिशेबाचा.

बाटलीवर लिहिलेला एसपीएफ हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावून मोजलेला असतो. चेहरा व मान मिळून याला साधारण एक ग्रॅम सनस्क्रीन लागते. तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढली की जेवढे होते, जवळपास तेवढे. रोज एकदा एवढे लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब ५० दिवसांत संपायला हवी. आपल्या घरातील ट्यूब जर गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून चालत आली असेल, तर आपण ऊन अडेल इतके सनस्क्रीन लावत नव्हतो, हे उघड आहे. आणि त्याबरोबर वर्षभर उघडी, अनेक हातांनी हाताळलेली, जुनी होत गेलेली वस्तू तोंडाला लावत होतो, हेही. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घ्यावी आणि ती दोन वर्षे पुरवावी, यात बचत नाही. लहान ट्यूब घ्यावी आणि ती संपवावी.

ती ठेवायची कोठे, हेही पाहावे. स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेली ट्यूब दिवसभर तापते. तेल आणि पाणी वेगळे होऊ लागते, ऊन अडवणारे घटक सारखे पसरत नाहीत आणि परिरक्षकाचाही समतोल ढळतो. ट्यूब दाबल्यावर आधी पाणी आले आणि मग गोळा आला, तर ती पुन्हा हलवून वापरू नये. न्हाणीघरातील फळीपेक्षा खोलीतील कपाट बरे.

ट्यूब, पंप आणि उघड्या तोंडाची डबी यांत निवड करता आली तर उघड्या डबीचा क्रमांक शेवटचा लावावा. निरोगी माणसांपैकी साधारण चारांतील एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू काहीही त्रास न देता वस्ती करून असतो. नाकाला हात जातो, हात डबीत जातो. डबीच वापरायची असेल तर कोरडा, स्वच्छ चमचा किंवा चपटी काडी वापरावी आणि बाहेर काढलेले जास्तीचे क्रीम पुन्हा आत ढकलू नये.

ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी वापरलेली ४६७ प्रसाधने तपासली. लिपस्टिक, आयलायनर, मस्करा आणि चेहऱ्याला फाउंडेशन लावायचे स्पंज यांचा त्यांत समावेश होता. दहांपैकी सुमारे नऊ वस्तूंत जिवाणू सापडले, आणि सर्वांत वाईट अवस्था स्पंजांची होती, कारण बहुतेकांनी ते कधी धुतलेलेच नव्हते. ओला स्पंज डबीत बंद करून ठेवणे म्हणजे भांडी घासायची ओली घासणी तोंडावर फिरवण्यासारखे आहे. तो साबणाने धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावा.

डोळा

त्वचा जाड असते. डोळा उघडा असतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जखमी झाला, अगदी मस्कऱ्याच्या ब्रशाचा ओरखडा उठला, तरी स्यूडोमोनाससारखा जंतू तेथे शिरकाव करतो आणि एकदोन दिवसांत बुबुळावर व्रण पडू शकतो. हा जंतू ओलाव्यात कोठेही तगतो. बेंगळुरूच्या नागरिकांना त्याची ओळख दुर्दैवाने आहे : जुलै २०१९ मध्ये येथील मिंटो नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनंतर अनेक रुग्णांच्या डोळ्यांत स्यूडोमोनासचा संसर्ग झाला आणि काहींची दृष्टी गेली. संशयाचा रोख शस्त्रक्रियेत वापरलेल्या जेलवर होता. ते प्रसाधन नव्हते, आणि शस्त्रक्रियेची तुलना काजळाशी करता येणार नाही. पण जंतू तोच आहे, आणि डोळ्याला त्याची किंमत किती पडते, हे त्या घटनेने दाखवले.

जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याजवळच्या आळंदीपासून बेंगळुरूपर्यंत डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा रुमाल आणि टॉवेल वेगळे ठेवण्याचा सल्ला सर्वांनी ऐकला. काजळाची कांडी वेगळी ठेवावी, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. आई, मुलगी, भाची आणि लग्नाला आलेली पाहुणी अशा चौघींनी एक कांडी फिरवली, तर एकीचा डोळा चौघींचा होतो. काजळ, सुरमा, आयलायनर आणि मस्करा ही टूथब्रशसारखी एकाच माणसाची वस्तू मानावी. डोळे आल्यावर वापरलेले काजळ बरे झाल्यानंतर टाकून द्यावे; महाग असले तरी. मस्करा उघडल्यापासून तीन महिन्यांहून अधिक ठेवू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालावी, रंगरंगोटी नंतर करावी आणि रात्री लेन्स आधी काढावी.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये. घरी धरलेले, तुपातले काजळ शुद्ध असते, हे खरे मानले तरी ते घालणारे बोट शुद्ध नसते. आणि बाजारातील काही सुरम्यांत शिसे सापडलेले आहे. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती तळपायाला लावावी. सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीनही लावू नये. त्याला सावली, टोपी आणि अंगभर सुती कपडे पुरतात.

घरी केलेले, घरातून विकलेले

दिवाळीचे उटणे कोरडे असते, तोवर निर्धोक. ते दुधात किंवा गुलाबपाण्यात भिजवले की त्याचे आयुष्य एका अभ्यंगस्नानापुरते. उरलेले फ्रिजमध्ये ठेवून भाऊबीजेला पुन्हा लावू नये. मुलतानी मातीचा लेप, कोरफडीचा ताजा गर, बेसन-दही यांनाही तोच न्याय. फ्रिजमुळे जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही.

घरी बनवलेली सनस्क्रीन आणि क्रीमे आता प्रदर्शनांतून, सोसायट्यांच्या मेळ्यांतून आणि ओळखीपाळखीतून विकली जातात. बनवणाऱ्या व्यक्तीच्या सचोटीविषयी शंका नाही. परंतु परिरक्षक पुरेसे आहे की नाही, हे नजरेने कळत नाही. त्यासाठी तयार क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडून ते किती दिवसांत मरतात, हे प्रयोगशाळेत मोजावे लागते. विक्रीसाठी प्रसाधने बनवायला परवाना लागतो, मग ती स्वयंपाकघरात बनवलेली का असेनात. आपण विक्रेत्याकडे परवाना क्रमांक मागितला तर त्यात उद्धटपणा नाही.

वेष्टनावर काय पाहावे

प्रसाधने नियम, २०२० प्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि कोणत्या महिन्या-वर्षापर्यंत वापरावे हे असायला हवे. परदेशी वस्तूवर आयातदाराचे नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. चिकपेट असो की मोठा मॉल, यांतले काही खोडलेले किंवा त्यावर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली दिसली तर ती वस्तू तेथेच ठेवावी. काही वेष्टनांवर उघड्या झाकणाच्या डबीचे चित्र आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो. डबी उघडल्यानंतर किती महिने वापरावी, याची ती खूण. उघडल्याची तारीख पेनाने तळाला लिहून ठेवावी, नाहीतर त्या आकड्याचा उपयोग नाही.

वास, रंग आणि दाटपणा बदलला तर वस्तू टाकावी, हे आपण करतोच. पण जंतू लाखोंच्या संख्येत होईपर्यंत वस्तू दिसायला व वासाला चांगलीच राहू शकते. स्पेनमधील बार्सिलोना येथील एका रुग्णालयात २००६ मध्ये अतिदक्षता विभागातील पाच रुग्णांना बर्कहोल्डेरिया सेपेसिया या जिवाणूचा संसर्ग झाला. शोध घेता घेता परिचारिका रुग्णांच्या अंगाला जे लोशन चोळत होत्या, त्यात तो सापडला. न उघडलेल्या बाटल्यांतही. तेथील कोणालाही त्या लोशनच्या रूपात वा वासात खोट दिसली नव्हती. म्हणून घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा, केमोथेरपी घेणारे रुग्ण, भाजलेली किंवा एक्झिमाने सोललेली त्वचा, ताबा न राहिलेला मधुमेह असेल, तर त्यांच्यासाठी वेगळी, नवी, लहान ट्यूब ठेवावी आणि ती कोणती असावी, हे डॉक्टरांना विचारावे. लेझर उपचारानंतर किंवा फोड फुटलेला असताना जुने सनस्क्रीन लावू नये.

त्रास झाला तर

क्रीम लावल्यावर पुरळ आले, तर ती ॲलर्जी असेल किंवा संसर्ग. घरबसल्या ठरवता येत नाही. पिवळसर पू, पसरत जाणारी लाली, ताप ही संसर्गाची लक्षणे समजावीत आणि त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर काही तासही वाट पाहू नये. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब वा मलम आणून स्वतःच लावू नये. त्याने लाली ओसरते आणि आतला संसर्ग वाढतो. कर्नाटकात १०४ या क्रमांकावर आरोग्यविषयक सल्ला मिळतो. डॉक्टरांकडे जाताना ती वस्तू वेष्टनासह बरोबर न्यावी.

वस्तूच सदोष आहे, असा संशय असेल तर तक्रार राज्याच्या औषध नियंत्रण विभागाकडे करता येते. फसवणुकीसंबंधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. औषधे व प्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६ ने आपल्याला आणखी एक अधिकार दिला आहे, जो फारच थोडे लोक वापरतात. आपण स्वतः विकत घेतलेले कोणतेही प्रसाधन ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीस देता येते आणि त्याचा अहवाल मिळवता येतो. मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेलाही हा अधिकार आहे. बेंगळुरूत राज्याची औषध चाचणी प्रयोगशाळा पॅलेस रोडवर आहे.

यासाठी बिल जपून ठेवावे. वापरलेली ट्यूब धुऊ अथवा पुसू नये. टोपण लावून स्वच्छ पिशवीत, सावलीच्या जागी ठेवावी. उघडलेल्या ट्यूबमधील जंतू कारखान्यातून आले की आपल्या हातांतून, हे तिच्यावरून सांगता येत नाही. त्यामुळे त्याच दुकानातून त्याच बॅच क्रमांकाची एक न उघडलेली ट्यूब मिळाली, तर तीही बिलासह घ्यावी आणि दोन्ही बरोबर द्याव्यात.